पाच पर्यायांमागचा माणूस: रेन्सिस लिकर्ट आणि माझ्या जबड्याचं ऑपरेशन

जेवण मागवलं की स्टार द्या, रिक्षा बुक केली की स्टार द्या, ॲप अपडेट केलं की स्टार द्या. दिवसभरात आपण किती वेळा असं मोजमाप करून देतो, हे आपल्याला आठवतही नाही. मीसुद्धा एकदा असेच पाच स्टार दिले होते, आणि दोन वर्षांनी त्याच पाच स्टारांनी मला अडचणीत आणलं. आजचा लेख त्या अडचणीतून आला आहे. त्यात माझ्यापेक्षा जास्त गोष्ट आहे ती एका अमेरिकन माणसाची. त्याचं नाव रेन्सिस लिकर्ट. आपण त्याला ओळखत नाही, पण त्याने बनवलेल्या पाच चौकटींत आपण सगळ्यांनी कधी ना कधी टिक केलेली आहे.

माझे पाच स्टार

मी इंदापूर तालुक्यातला. माझा खालचा जबडा वाढत्या वयात पुढे आला. पुढचे दात एकमेकांवर बसतच नव्हते. आमच्याकडे उसाच्या फडात गेलं की दाताने ऊस सोलून खाणं ही काही शिकवायची गोष्ट नाही, पण मला ते कधी जमलं नाही. मी कोयत्याने तुकडे करून दाढेखाली धरायचो. शाळेत त्यावरून एक नाव पडलं होतं, ते इथे लिहीत नाही.

एकोणिसाव्या वर्षी बारामतीत दातांना तारा बसवल्या. दर महिन्याला एसटीने जायचं, तार आवळून घ्यायची आणि दोन दिवस वरण-भातावर काढायचे. पण नुसत्या तारांनी काम होणार नव्हतं, कारण दोष दातांपेक्षा हाडात जास्त होता. गंमत म्हणजे अशा केसमध्ये ऑपरेशनच्या आधी तारांमुळे चेहरा काही काळ जास्तच बिघडलेला दिसतो. दात आधी आपापल्या हाडावर सरळ उभे करतात, त्यामुळे जबड्यातलं खरं अंतर उघडं पडतं. दीड वर्षाने पुण्यात ऑपरेशन झालं. खालचा जबडा दोन्ही बाजूंनी कापून मागे सरकवला आणि प्लेट-स्क्रूने पक्का केला.

चौथ्या दिवशी डिस्चार्ज. तोंड भोपळ्यासारखं सुजलेलं, दात रबरांनी आवळलेले, बोलता येत नव्हतं. खालचा ओठ जागेवर आहे की नाही, तेही कळत नव्हतं. काउंटरवर बिलासोबत एक फॉर्म आला. प्रत्येक प्रश्नाला पाच पर्याय, अतिशय असमाधानीपासून अतिशय समाधानीपर्यंत. शेजारी क्यूआर कोड. समोर स्टाफ हसतमुखाने उभा. ज्या सिस्टरने रात्रभर माझ्या तोंडातली लाळ पुसली होती, तीही तिथेच. मी सगळीकडे शेवटच्या चौकटीत टिक केली आणि मोबाईलवर पाच स्टार ठोकले. आईनेही तेच करायला सांगितलं होतं, अजून टाके काढायचे बाकी होते ना!

या गोष्टीला दोन वर्षं झाली. मागच्या दिवाळीत बारामतीची मावसबहीण घरी आली. तिचाही जबडा माझ्यासारखाच, आणि तिलाही ऑपरेशन सांगितलं आहे. तिने मोबाईल पुढे केला. स्क्रीनवर माझंच नाव, माझे पाच स्टार. दादाने पाच स्टार दिलेत म्हणजे काहीच त्रास नसणार, असं धरून ती निम्मी तयार झाली होती. मी गप्प बसलो. कारण माझ्या खालच्या ओठाचा डावा कोपरा आजही बधिर आहे. चहा ओघळला तर मला दुसऱ्याने सांगावं लागतं.

मग मी शोधायला लागलो, की हे पाच पर्याय आले कुठून? आणि त्यांनी माझ्याकडून खोटं कसं वदवून घेतलं?

कावसजीला कुणी विचारलं?

चेहऱ्याच्या ऑपरेशनची जगप्रसिद्ध केस आपल्या पुण्यातलीच आहे. कावसजी हा इंग्रज फौजेचा बैलगाडीवान. १७९२ च्या युद्धात तो टिपू सुलतानाच्या हाती सापडला. त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. जवळपास वर्षभर तो तसाच राहिला. मग पुण्याजवळ विटा बनवणाऱ्या समाजातल्या एका कारागीर वैद्याने त्याच्या कपाळाची कातडी वळवून त्याला नवं नाक करून दिलं. जेम्स वेल्स या चित्रकाराने जानेवारी १७९४ मध्ये त्याचं चित्र काढलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ही हकिकत लंडनच्या जेंटलमन्स मॅगझिनमध्ये छापून आली. ती वाचून जोसेफ कार्प्यू या इंग्रज सर्जनने पुढे अभ्यास केला आणि १८१४ मध्ये लंडनमध्ये याच पद्धतीने ऑपरेशन केलं.

त्या हकिकतीत ऑपरेशन कसं केलं ते आहे, नाक कसं दिसतं ते आहे, पाहणाऱ्यांचं मत आहे. नाक ज्याच्या चेहऱ्यावर होतं, त्याला कसं वाटलं, याचं माप मात्र नाही. त्यात कुणाची चूक नव्हती. त्या काळी मनातलं मोजायचं साधनच नव्हतं. ते साधन तयार व्हायला आणखी १३८ वर्षं लागली.

रेल्वेवाल्याचा मुलगा

रेन्सिस लिकर्टचा जन्म ५ ऑगस्ट १९०३ रोजी अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यात, शायेन गावी झाला. शायेन म्हणजे रेल्वेचं गाव. वडील युनियन पॅसिफिक रेल्वेत इंजिनिअर. घरात रूळ, पूल, मोजपट्टी याच गोष्टी. त्यामुळे मुलगाही मिशिगन विद्यापीठात सिव्हिल इंजिनिअरिंगला गेला. आपल्याकडे वडील कारखान्यात असले की पोरगं डिप्लोमाला जातं, तसंच काहीसं.

१९२२ चा उन्हाळा आला. तरुण लिकर्ट युनियन पॅसिफिकमध्ये शिकाऊ म्हणून काम करत होता. त्याच वेळी अमेरिकेत रेल्वे वर्कशॉपच्या कामगारांचा मोठा संप झाला. सुमारे चार लाख कामगार बाहेर पडले. लिकर्टच्या लक्षात राहिली ती एक गोष्ट: कामगार आणि कंपनी एकमेकांशी नीट बोलतच नव्हते. दोन्ही बाजूंना वाटत होतं की समोरच्याच्या मनात काय आहे ते आपल्याला ठाऊक आहे, आणि तपासायची तयारी कुणाचीच नव्हती. पूल बांधायला मोजपट्टी होती, पण माणसाच्या मनात काय चाललंय हे बघायला काहीच नव्हतं.

त्याने इंजिनिअरिंग सोडलं. १९२६ मध्ये मिशिगनमधूनच समाजशास्त्राची पदवी घेतली. त्यानंतर एक वर्ष न्यूयॉर्कमध्ये धर्मशास्त्राचं शिक्षण घेतलं आणि मग कोलंबिया विद्यापीठात मानसशास्त्राच्या पीएचडीला गेला. घरच्यांना काय वाटलं असेल, याची कल्पना तुम्ही करू शकता.

३०० पंच की ५ चौकटी?

कोलंबियात गार्डनर मर्फी हे त्याचे मार्गदर्शक होते. लोकांची मतं, त्यांचे पूर्वग्रह मोजायचं मोठं काम त्यांनी हाती घेतलं होतं. पण मोजायचं कसं?

त्या काळी यासाठी लुई थर्स्टन यांची पद्धत मानाची होती. हे थर्स्टन मूळचे इंजिनिअरच. त्यांची पद्धत अचूक होती, पण भयंकर किचकट. चर्चबद्दलची लोकांची मतं मोजण्यासाठी त्यांनी १३० विधानं गोळा केली. ती विधानं ३०० लोकांना पंच म्हणून दिली. प्रत्येक पंचाने ती ११ ढिगाऱ्यांत लावायची, एका टोकाला एकदम बाजूचं आणि दुसऱ्या टोकाला एकदम विरोधातलं. त्यावरून प्रत्येक विधानाचं वजन काढायचं आणि शेवटी ४५ विधानांची मोजपट्टी तयार करायची. एवढं सगळं झाल्यावर खऱ्या माणसाला प्रश्न विचारायचा!

लिकर्टने विचार केला, की पंच हवेतच कशाला? ज्याचं मत मोजायचंय त्यालाच विचारू ना! प्रत्येक विधानापुढे त्याने पाच पायऱ्या ठेवल्या: पूर्णपणे मान्य, मान्य, सांगता येत नाही, अमान्य, पूर्णपणे अमान्य. त्यांना १ ते ५ असे आकडे दिले आणि सगळ्या उत्तरांची बेरीज केली. कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर त्याने हे वापरून पाहिलं. किचकट गणिताने काढलेले गुण आणि हे साधे १ ते ५ यांचे निकाल जवळपास सारखेच आले. १९३२ मध्ये त्याचा प्रबंध छापून आला, जेमतेम पन्नास-पंचावन्न पानांचा. तेव्हा त्याने तिशीही गाठली नव्हती.

जाता जाता: त्याचं आडनाव बरेच जण लायकर्ट असं वाचतात. बरोबर उच्चार लिकर्ट.

खरी पद्धत काय होती?

इथे जरा थांबून समजून घेऊया, कारण आपल्या मोबाईलमधली गडबड इथेच आहे.

पाच स्टार लिकर्टने शोधलेले नाहीत. दर्जा दाखवायला चिन्हं वापरणं त्याच्या आधीपासून चालू होतं. शिवाय एका प्रश्नाला पाच पर्याय दिले की झाली लिकर्ट स्केल, असंही नाही. त्याच्या पद्धतीत तीन गोष्टी महत्त्वाच्या होत्या.

पहिली: एकाच विषयावर अनेक विधानं. एका उत्तरावर विसंबायचं नाही. दहा-वीस विधानांची बेरीज झाली की एखाद्या ठिकाणची चूक झाकली जाते.

दुसरी: निम्मी विधानं उलटी. म्हणजे काही विधानं उपचार चांगला झाला अशी, तर काही मला पश्चात्ताप होतोय अशी. उलट्या विधानांचे गुणही उलटे मोजायचे. जो माणूस न वाचता सगळीकडे शेवटच्या चौकटीत टिक करतो, तो इथे लगेच सापडतो. मी डिस्चार्जच्या दिवशी नेमकं तेच केलं होतं, पण माझ्या फॉर्ममध्ये उलटं विधान एकही नव्हतं.

तिसरी: प्रत्येक विधान तपासायचं. एखादं विधान बाकीच्यांशी जुळत नसेल, तर ते काढून टाकायचं.

या तिन्ही गोष्टी गाळून फक्त पाच चौकटी उचलल्या की काय उरतं? मोबाईलवरचे पाच स्टार.

शेतकऱ्यांच्या दारात

लिकर्टने काही वर्षं न्यूयॉर्क विद्यापीठात शिकवलं. १९३५ मध्ये तो विमा एजन्सींच्या एका संघटनेत संशोधनासाठी गेला. चांगल्या चालणाऱ्या आणि रडतखडत चालणाऱ्या एजन्सींमध्ये फरक काय, हे तो शोधत होता. साहेब लोकांशी कसा वागतो यावर बरंच काही ठरतं, हे त्याला तिथे दिसलं. हा धागा त्याने पुढे आयुष्यभर सोडला नाही.

१९३९ मध्ये तो अमेरिकेच्या कृषी खात्यात आला. मंदीतून बाहेर येण्यासाठी सरकारने शेतकऱ्यांसाठी बऱ्याच योजना काढल्या होत्या. त्या शेतकऱ्यांना कशा वाटतात, हे जाणून घ्यायचं काम लिकर्टच्या विभागाकडे होतं. आता तुम्हाला वाटेल, गडी पाच चौकटींचा फॉर्म घेऊन शेतावर गेला असेल. तसं झालं नाही! ज्याच्या नावाने आज पाच पर्याय ओळखले जातात, त्यानेच इथे मोकळ्या गप्पांवर भर दिला. आधी मोठा, मोकळा प्रश्न विचारायचा. माणसाला त्याच्या भाषेत बोलू द्यायचं. मग हळूहळू नेमक्या मुद्द्यावर यायचं. तेलाचं नरसाळं वर रुंद आणि खाली निमुळतं असतं, तसे हे प्रश्न. या पद्धतीला नावही नरसाळ्याचंच पडलं.

हे वाचताना मला आमच्याकडचा उसाचा वजनकाटा आठवला. ट्रॉली काट्यावर गेली की आकडा येतो. पण शेतकरी विचारतो, की काटा कुणाचा आणि वजन कुणी केलं? शिवाय टनात वजन भरलं म्हणजे उतारा कळला असं नाही. वजन वेगळं, गोडी वेगळी. दोन्हीला वेगवेगळं माप लागतं. लिकर्टला हे नीट कळलं होतं. चौकटी वजन सांगतात, गोडी कळायला माणसाशी बोलावं लागतं.

युद्ध आणि मन

दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी अमेरिकेने एक मोठी पाहणी केली. आपल्या बॉम्बहल्ल्यांचा शत्रूवर नेमका काय परिणाम झाला, याची. त्यातल्या लोकांच्या मनोधैर्याच्या विभागाचा प्रमुख होता लिकर्ट. त्याच्या माणसांनी पडलेल्या शहरांमध्ये जाऊन हजारो जर्मन नागरिकांच्या मुलाखती घेतल्या.

निष्कर्ष विचार करायला लावणारा होता. बॉम्ब जास्त टाकले म्हणून मनोधैर्य त्याच प्रमाणात खचत गेलं नाही. एका मर्यादेनंतर जादा बॉम्बचा परिणाम कमी कमी होत गेला. लोक आतून खचलेले होते, तरी सकाळी उठून कामावर जात होते. म्हणजे माणूस काय करतो त्यावरून त्याला आत काय वाटतं हे ओळखता येत नाही.

मला हे वाचून माझा काउंटरवरचा फोटो आठवला. अंगठा वर केलेला. फोटोत सगळं छान आहे.

मिशिगनला परत

युद्ध संपल्यावर कृषी खात्यातल्या या कामाला ओहोटी लागली. १९४६ मध्ये लिकर्ट आपल्या सहकाऱ्यांना घेऊन मिशिगन विद्यापीठात आला, जिथे त्याने इंजिनिअरिंग सोडलं होतं तिथेच. सर्व्हेसाठी केंद्र काढलं. विद्यापीठाची अट होती की खर्च तुमचा तुम्ही भागवा. त्यांनी तो भागवला. १९४९ मध्ये त्यातून समाज संशोधन संस्था उभी राहिली आणि १९७० मध्ये निवृत्त होईपर्यंत लिकर्ट तिचा संचालक होता. बातम्यांत अमेरिकन ग्राहकांचा विश्वास वाढला किंवा घटला असं आपण ऐकतो ना, त्यातला मिशिगनचा निर्देशांक या घरातूनच आला. त्याचा सहकारी जॉर्ज कटोना याने तो सुरू केला, आणि आजही दर महिन्याला तो निघतो.

१९५९ मध्ये लिकर्ट अमेरिकन सांख्यिकी संघटनेचा अध्यक्ष झाला. १९६१ आणि १९६७ मध्ये व्यवस्थापनावर त्याची दोन गाजलेली पुस्तकं आली. संस्था चार प्रकारे चालतात असं त्याने मांडलं. एका टोकाला नुसता धाक, दुसऱ्या टोकाला सगळ्यांना सोबत घेऊन निर्णय. त्याचा कौल अर्थातच दुसऱ्या टोकाला. वयाच्या सत्तरीनंतर त्याने पत्नी जेन गिब्सन लिकर्ट हिच्याबरोबर भांडणं कशी मिटवावीत यावर पुस्तक लिहिलं. ते १९७६ मध्ये प्रसिद्ध झालं. १९२२ च्या संपात ज्या प्रश्नाने त्याला पकडलं, तोच प्रश्न शेवटपर्यंत त्याच्यासोबत राहिला. ३ सप्टेंबर १९८१ रोजी ॲन आर्बर इथे त्याचं निधन झालं. वय ७८. तेव्हा स्मार्टफोन नव्हता, इंटरनेटही लोकांच्या हातात आलं नव्हतं.

मग जबड्याच्या पेशंटला काय विचारायचं?

लिकर्टच्या कल्पनेची नातवंडं आज दवाखान्यात काम करतात. १९९७ मध्ये तोंडाच्या आरोग्यासाठी १४ प्रश्नांची एक छोटी प्रश्नावली आली. आधी ती ४९ प्रश्नांची होती. जेवताना त्रास होतो का, बोलताना अडखळता का, चारचौघांत लाज वाटते का, असे प्रश्न. प्रत्येकाला ० ते ४ गुण. बेरीज जास्त म्हणजे त्रास जास्त.

पुढे २००० मध्ये खास माझ्यासारख्यांसाठी, म्हणजे जबड्याचं ऑपरेशन करणाऱ्यांसाठी, इंग्लंडमधल्या कनिंगहॅम आणि सहकाऱ्यांनी २२ प्रश्नांची प्रश्नावली बनवली. तिचे चार भाग आहेत: लोकांमध्ये वावरताना काय होतं, चेहरा कसा दिसतो असं वाटतं, चावणं-खाणं कसं चालतं, आणि स्वतःच्या चेहऱ्याकडे किती लक्ष जातं. प्रत्येक प्रश्नाला थोडा त्रास ते खूप त्रास असे १ ते ४ गुण, आणि प्रश्न लागू नसेल तर शून्य. एकूण बेरीज ० ते ८८.

तिची मेख अशी की ती ऑपरेशनच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा भरता येते. आधी ६० होते आणि नंतर २० झाले, तर ४० गुणांचा त्रास कमी झाला हे दिसतं. फक्त नंतर विचारलं तर आपण कुठून निघालो होतो तेच कळत नाही.

वेळही महत्त्वाची आहे. ऑपरेशननंतरची सूज बरीचशी काही आठवड्यांत उतरते, पण पूर्ण जायला महिने लागतात. खालच्या जबड्याच्या हाडातून ओठाला संवेदना देणारी नस जाते. हाड कापताना ती ताणली जाते, त्यामुळे ओठ बधिर होतो. बऱ्याच जणांची संवेदना हळूहळू परत येते, काहींची थोडी हरवलेलीच राहते. चौथ्या दिवशी विचारलं तर यातलं काहीच कुणाला ठाऊक नसतं. चौथ्या दिवशी पेशंट सांगतो ती कृतज्ञता असते, समाधान नव्हे.

आणि फॉर्म कुणासमोर भरतोय, हेही बघा. उपचार करणाऱ्यासमोर बसून त्यालाच नापास कोण करणार? हाच फॉर्म सहा महिन्यांनी, घरी, नाव न लिहिता भरायला दिला असता, तर माझ्या टिका नक्कीच वेगळ्या असत्या.

रेटिंग वाचताना एवढं बघा

सरासरी बघू नका, पट्ट्या बघा. ४.२ म्हणजे सगळ्यांनी चार दिलेत असं नसतं. खूप जणांनी पाच आणि थोड्यांनी एक दिला तरी तोच आकडा येतो. ते एकवाले कशाबद्दल बोलतात ते आधी वाचा.

तारीख बघा. ऑपरेशननंतर किती दिवसांनी लिहिलंय, ते त्यातून कळतं का?

कशाबद्दल लिहिलंय ते बघा. पार्किंग, एसी, स्टाफचं बोलणं एकीकडे, आणि उपचाराचा परिणाम दुसरीकडे.

आणि न लिहिणारे किती असतील, याचाही विचार करा. खूप खूश आणि खूप चिडलेले लिहितात, मधले गप्प बसतात.

बहिणीसाठी माझा फॉर्म

शेवटी मी वही घेऊन बसलो आणि एका आकड्याऐवजी वेगवेगळे आकडे लिहिले. चेहरा कसा दिसतो: ५. चावणं: ४, पेरू पुढच्या दाताने तोडता येतो, उसाला अजून धीर होत नाही. बोलणं: ४. ओठाची संवेदना: २. ऑपरेशनआधी मिळालेली माहिती: २, कारण ओठाचा मुद्दा संमतीच्या कागदावर एका ओळीत होता आणि मी न वाचताच सही केली होती, त्यात माझीही चूक आहे. पहिले सहा आठवडे: १, मिक्सरमधून काढलेलं सगळं जेवण आणि नऊ किलो वजन कमी.

मग लिकर्टच्या पद्धतीने एक उलटं विधान घातलं: हे ऑपरेशन केलं नसतं तर बरं झालं असतं. त्यापुढे मी पूर्णपणे अमान्य अशी टिक केली. त्यासाठी मला एक मिनिटही विचार करावा लागला नाही. कागदावर २ आणि १ असतानाही हे उत्तर आलं, याचं मलाच नवल वाटलं.

तो कागद मी बहिणीला दिला. ती बराच वेळ वाचत होती. तिने पहिल्यांदा ओठाबद्दल विचारलं, मग जेवणाबद्दल, मग पैशांबद्दल. पाच स्टार बघून तिने यातलं काहीच विचारलं नव्हतं. तिने अजून हो म्हटलेलं नाही आणि नाहीही म्हटलेलं नाही. पण पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना ती सात प्रश्न लिहून नेणार आहे. त्यातला पहिला ओठाच्या नसेचा आहे.

त्या रात्री मी जुना रिव्ह्यू उघडला. स्टार चार केले आणि खाली आठ ओळी लिहिल्या. सिस्टरचे आभार त्यात पहिल्या ओळीत आहेत, ते खरेच होते.

मित्रांनो, पुढच्या वेळी स्क्रीनवर पाच स्टार आले की अर्धा मिनिट थांबा. शायेनच्या त्या रेल्वेवाल्याच्या मुलाने पाच चौकटी बनवल्या, त्या लोकांच्या मनातलं खरं बाहेर यावं म्हणून. तुमचं उत्तर कुणीतरी वाचणार आहे, आणि कदाचित त्यावर विश्वासून ऑपरेशन टेबलवर झोपणार आहे. लेख उपयोगी वाटला तर तारा बसवलेल्या एखाद्या मित्र-मैत्रिणीला नक्की पाठवा.